बादलीतली खडी आणि बोगद्याचे छत

बोगद्याच्या छतात पोलादी बोल्ट कशासाठी बसवतात, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, 'सैल खडक वरच्या पक्क्या खडकाला टांगून ठेवण्यासाठी.' भिंतीत खिळा ठोकून तसबीर लावावी, तसे हे चित्र आहे. ते सर्वस्वी चूक नाही. कोळशाच्या खाणीत छताचे पातळ थर वरच्या मजबूत थराला असे अडकवता येतात. पण सगळाच खडक भेगाळलेला असतो, बोल्ट पोहोचेल इतक्या अंतरात पक्का थर नसतोच, अशा ठिकाणीही बोल्ट उपयोगी पडतात. मग तिथे ते कशाला टांगलेले असतात?

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ऑस्ट्रेलियातील स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पात (१९४९ ते १९७४) रॉक बोल्टचा मोठा वापर झाला. तेथील अभियंते टी. ए. लँग यांनी बादलीत फोडलेली खडी भरून, तीत छोटे बोल्ट बसवून नट आवळून दाखवले. बादली उपडी केली तरी खडी पडत नाही!

कारण असे. नट आवळला की बोल्टच्या दोन टोकांच्या वॉशरमधली खडी दाबली जाते. हा दाब आजूबाजूला पसरतो आणि शेजारच्या बोल्टच्या दाबक्षेत्रात मिसळतो. दाब वाढला की खड्यांमधले घर्षण वाढते, ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि सुट्या खडीची एक लादी बनते. म्हणजे बोल्टने खडी टांगलेली नसते. खडीच खडीला धरून ठेवते. बोल्टची लांबी दोन बोल्टमधील अंतराच्या निदान दुप्पट असावी, हा अभियंत्यांचा ठोकताळा याच विचाराशी जुळतो.

खिळ्याची समजूत मोडणारा इतका स्वस्त आणि बोलका प्रयोग दुसरा नसेल. तरीही तो एवढ्यावरच थांबवला तर विद्यार्थ्याच्या मनात नको तो विश्वास निर्माण होतो. त्याच्या तीन उणिवा आहेत.

पहिली, बादलीची भिंत. तिच्यामुळे खडी बाजूला सरकू शकत नाही. बोगद्यात हे काम आजूबाजूचा खडक करतो. तोच ढिला असेल, किंवा खाणीत शेजारचा आधाराचा खांब कापला गेला असेल, तर लादीचा आधार जातो.

दुसरी, खडी कठीण, कोनदार आणि कोरडी असते. जमिनीत नेहमी असेच मिळत नाही. कोकण रेल्वेच्या गोव्यातील पेडणे बोगद्यात मऊ, ओली माती लागली आणि खोदताना तो वारंवार ढासळला. अशा मातीत बोल्टला पकड घ्यायला खडकच नसतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. प्रयोगात आधी सारे नट आवळतात आणि मग बादली उपडी करतात. बोगद्यात उलटे घडते. आधी पोकळी होते, खडक लगेच हलू लागतो, आणि बोल्ट नंतर येतात. शिवाय आज सर्रास वापरले जाणारे बोल्ट छिद्रात संपूर्ण लांबीभर सिमेंट किंवा रेझिन भरून बसवतात. त्यांत आधी ताण नसला तरी चालते. खडक सरकू लागला की बोल्ट ताणला जातो आणि त्या हालचालीला विरोध करतो. पण उशीर झाला तर भेगा उघडतात, घर्षण नाहीसे होते आणि लादी बनायला काही उरतच नाही. आधार न दिलेल्या छताखाली पाऊल टाकू नये, हा खाणीतला नियम यातूनच आला आहे. 'बोल्ट किती?' या प्रश्नाइतकाच 'बोल्ट कधी?' हा प्रश्न कामगाराच्या जिवाशी निगडित आहे, आणि त्याबद्दल बादली गप्प आहे.

म्हणून शिक्षकांनी हा प्रयोग टाकू नये, तर तो फसवूनही दाखवावा. एकदा नट सैल ठेवावेत. एकदा बोल्टमधले अंतर वाढवावे. एकदा खडीऐवजी कोरडी वाळू घ्यावी, एकदा गोट्या. प्रत्येक वेळी बादली उपडी करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगावे, आणि खाली घमेले ठेवायला विसरू नये. खडी का टिकली हे पहिल्या प्रयोगात कळते. ती केव्हा टिकणार नाही हे कळायला घमेल्यात पडलेली खडीच लागते.