चरबीची गाठ, तुटलेलं गुणसूत्र आणि एका पेपरची चिकित्सा

पेपर हातात आला की आपण थेट निष्कर्षावर जातो. आज आधी प्रयोग बघू.

लायपोमा म्हणजे चरबीची साधी, कर्करोग नसलेली गाठ. अशा कित्येक गाठींमध्ये १२व्या गुणसूत्राची लांब भुजा तुटलेली दिसते. तुटतं ते बहुतेकदा एचएमजीए२ या जनुकात, हे १९९५ मध्ये कळलं. तुटलेला भाग अनेकदा ३ऱ्या गुणसूत्रावरच्या एलपीपी जनुकाला जोडला जातो. साहजिकच संशय त्या जोडप्रथिनावर गेला. पण जोडीदार जनुक दर वेळी तेच नसतं, आणि काही गाठींत प्रथिनाचा सगळा मजकूर शाबूत राहून फक्त जनुकाचं शेपूट गळतं. मग दोषी कोण?

२००७ मध्ये मायर, हेमन आणि बार्टेल यांनी 'सायन्स'मध्ये याचं उत्तर दिलं. लेट-७ हा सूक्ष्म आरएनए एचएमजीए२च्या शेपटाला चिकटून त्याला दाबून ठेवतो. त्यांनी चिकटण्याच्या सातही जागा बिघडवल्या, प्रथिनाला हातच लावला नाही. दाब सुटला आणि पेशी मऊ अगारमध्ये वसाहती करू लागल्या. इथे दाद द्यायलाच हवी: एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. कंट्रोल कसा आखावा हे शिकायचं असेल तर हा पेपर वाचाच.

आता खटकणारी बाजू. पेशी होत्या उंदराच्या फायब्रोब्लास्ट, चरबीच्या नव्हेत. शिवाय मऊ अगारमधली वाढ ही पेशी कर्करोगाकडे झुकल्याची कसोटी. लायपोमा तर सहसा तिकडे वळतच नाही. म्हणजे 'दाब सुटला' हे सिद्ध झालं, 'म्हणून चरबीची गाठ झाली' हे नाही. उलट २००० मधल्या एका पेपरात उंदरांना खरोखर लायपोमा झाले, पण तिथे प्रथिनच कापलेलं होतं. दोन्ही पेपर शेजारी ठेवा: एकात कारण स्वच्छ, पण गाठ वेगळी, दुसऱ्यात गाठ योग्य, पण कारण गुंतलेलं.

ही मधली जागा तुमची. चरबीच्या पूर्वपेशी घ्या, प्रथिन अख्खं ठेवा, फक्त लेट-७च्या जागा बिघडवा, आणि पेशी किती वाढतात याबरोबर चरबी भरतात का, हेही मोजा. मुलाखतीत 'या पेपरमध्ये उणीव काय?' असं विचारलं, तर 'सॅम्पल साइझ लहान आहे' हे ठोकळेबाज उत्तर देऊ नका. असं काहीतरी सांगा.