त्रिकोण हलत नाही

मुलांची विज्ञानाची पुस्तकं घेऊन बसलं, की गिऱ्हाईक आधी पुस्तक उलटं करून किंमत बघतं. धाराशिवच्या बाजारात पुस्तक म्हणजे गाईड, नाहीतर अपेक्षित प्रश्नसंच. तिथे अरविंद गुप्तांचं ‘मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्स्परिमेंट्स’ मी नुसतं मांडत नाही, खेळून दाखवतो. ते रचलंच तसं आहे.

साहित्य दोनच: आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, आपली वालट्यूब. काडीचा गूल खरवडायचा, नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसायची. झाला सांधा. तो वाकतो, म्हणून लघुकोन, काटकोन, विशालकोन व्याख्येआधी बोटांना कळतात. तीन काड्या, तीन सांधे, त्रिकोण. दाबा, ढकला, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागताच कलतो. मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं मर्म इथे दिसतं. सांधा पक्का असता तर चौकोनही ताठ उभा राहिला असता आणि सगळी गंमत गेली असती. सांधा लवचीक ठेवला, म्हणूनच बळ आकारात आहे हे पोराला दिसतं.

ही नळी गुप्तांना प्रयोगशाळेत मिळाली नाही. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुण्याच्या टेल्कोत होते; १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या किशोर भारतीत, होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले, आणि तिथल्या आठवडी बाजारात त्यांची नजर वालट्यूबवर पडली. पुढे पुस्तक १२ भारतीय भाषांत गेलं. गुप्तांनी आपली पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. त्याने माझी विक्री बुडत नाही. फुकट वाचलेलं पोरच छापील प्रत मागत येतं.

आमच्या जिल्ह्यात हा त्रिकोण जरा जास्तच खोल जातो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, भूकंप. गणपतीचं विसर्जन आटोपून झोपलेल्या सास्तूरसारख्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची जड माती कोसळली. नंतर उरलेली घरं मजबूत करताना खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधार ठोकायला सांगत. तो आधार म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात बसवलेला त्रिकोणच. पुस्तकात भूकंपाची गोष्ट नाही, तरी त्रिकोणाचं पान उघडलं की मला तीच पहाट आठवते.

एकदा एक मुलगी बापाचं बोट सोडून टेबलापाशी थांबली. कलणारा चौकोन तिने हातात घेतला आणि आत आडवी काडी घालायची म्हणाली. समोरासमोरच्या दोन सांध्यांना मी बाभळीच्या काट्याने भोक पाडून दिलं. काडी पोचेना. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे मी सांगणार होतो, गप्प बसलो. तिने दुसरी काडी घेतली, तीही आखूड. मग चौकोनच हळूहळू कलवत नेला, दोन सांधे जवळ आले आणि काडी बरोबर बसली. समभुज चौकोन, आत दोन सारखे त्रिकोण. तिने दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

“पप्पा, आता हलत नाही बघा.”

बापाने पुस्तक उलटं न करता पहिलं पान उघडलं.