अंबरनाथचा रिटर्नवाला आणि पाठ केलेले चार खांब

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणजे काय, असं मुलाखतीत विचारलं की आपल्या तोंडून चार शब्द धडाधड बाहेर पडतात: एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. पाठोपाठ कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते, दोघेही ‘ॲनिमल’. मीही एम.एससी.ला हेच लिहून मार्क मिळवले. उत्तर चुकीचं नाही. पण ज्यांनी ही कल्पना काढली त्यांची अडचण काय होती, हे त्यात कुठेच नाही. ते माहीत नसल्यामुळे माझ्या पीएचडीचे चार महिने वाया गेले.

माझा प्रोग्राम बदलापूर ते कल्याण पट्ट्यातल्या लोकलच्या गर्दीचा. सवयीप्रमाणे आधी झाड काढलं: वर ‘प्रवासी’, त्याखाली ‘अप प्रवासी’ आणि ‘डाऊन प्रवासी’, त्याखाली फर्स्ट क्लास, सेकंड क्लास. सगळं अडलं ते रिटर्नवाल्यापाशी. हा माणूस राहतो अंबरनाथला, जायचंय सीएसएमटीला, पण सकाळी पकडतो उलटी बदलापूर लोकल. सीट धरतो आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागी मुंबईकडे निघतो. आता हा अप की डाऊन? मी त्याच्यासाठी तिसरा क्लास केला, मग एक फ्लॅग, मग त्या फ्लॅगसाठी आणखी एक. शेवटी माझाच कोड मला वाचवेना.

तेव्हा कुठे मूळ लेखन उघडलं. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी 1960च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला ही भाषा केली. नावातच सिम्युलेशन आहे. पहिल्या सिम्युलातली मुख्य वस्तू म्हणजे ‘प्रोसेस’. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची माहिती आणि स्वतःची दिनचर्या. ती थोडं काम करते, थांबते, वेळ आली की थांबल्या जागेवरून पुढे चालू लागते. म्हणजे माझा रिटर्नवालाच की!

आणि इनहेरिटन्स? त्याची गोष्ट मला फार आवडली. या दोघांनी 1978 साली लिहिलेल्या इतिहासात एक पूल आहे, पुलावर टोलनाका, आणि नाक्यावर ट्रक आणि बसची रांग. रांगेची यंत्रणा एकदाच लिहायची आणि ट्रक असो वा बस, तिला चिकटवायची, यासाठी त्यांनी जोडणीची युक्ती काढली. सिम्युला 67 मधला सबक्लास यातून आला. ट्रक ‘मुळात’ काय आहे, हा प्रश्नच नव्हता. त्याला रांगेत उभं राहता यायला हवं होतं. प्राणिशास्त्राचं झाड आपल्या पुस्तकांनी त्यावर नंतर चढवलं.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव ॲलन के यांचं. त्यांच्या डोळ्यांसमोर जीवशास्त्रातली पेशी होती: आतलं आत ठेवायचं, बाहेरच्यांशी फक्त निरोपांनी बोलायचं. त्यांच्या स्मॉलटॉक-72 मध्ये इनहेरिटन्स नव्हतंच, ते स्मॉलटॉक-76 मध्ये आलं. ऑब्जेक्ट हा शब्द लोकांनी धरला आणि निरोप सोडला, अशी खंत त्यांनी पुढे व्यक्त केली. मला ती पटते. पण एक सांगतो, मूळ हेतू एकच होता असं समजू नका. ऑस्लोला जग हुबेहूब मांडायचं होतं, के यांना अख्खा संगणकच छोट्या संगणकांतून बांधायचा होता. ‘खरं ओओपी’ वगैरे म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुणाचं?

ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडीसाठी सिम्युला वापरली. लिहायला आवडली, पण प्रोग्राम इतका हळू चालला की त्यांना तो बीसीपीएलमध्ये पुन्हा लिहावा लागला. 1979 पासून त्यांनी सीमध्ये क्लास आणले, त्यातून सी++ झाली. वेग मिळाला. पण मुख्य प्रवाहात ऑब्जेक्टची स्वतःची दिनचर्या मागे पडली. 1995च्या जावातही ऑब्जेक्ट गप्प बसून असतो. कुणी मेथड बोलावली तर हलतो.

आता नव्या भाषा. गो (2009) आणि रस्ट (पहिली स्थिर आवृत्ती 2015) यांनी क्लासचं इनहेरिटन्स काढून टाकलं. गोमध्ये इंटरफेस ठरतो तो ‘याला काय करता येतं’ यावर, म्हणजे आपण पुन्हा टोलनाक्याच्या रांगेत आलो. स्वतंत्रपणे चालणारं काम गोरूटीनमध्ये आहे, पण ते ऑब्जेक्टपासून वेगळं ठेवलंय. माझ्या मते के यांच्या पेशीच्या सर्वांत जवळ आहे ती एरिक्सनमध्ये जन्मलेली एर्लांग. तिच्या प्रोसेसना आपापली मेमरी असते आणि बोलणं फक्त निरोपांनी. गंमत म्हणजे तिला कुणी ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणून शिकवत नाही.

पण ‘इनहेरिटन्स वाईट’ हे वाक्यही आता पाठ होऊ लागलंय. पाचवा खांब! ट्रक आणि बसला एक रांग द्यायची असेल तर ते आजही चांगलं काम करतं. माझ्या प्रोग्राममध्येही फलाटावरच्या रांगेपुरतं ते ठेवलंय.

बाकी झाड मी तोडलं. आता प्रत्येक प्रवासी हा पायथनचा एक जनरेटर आहे: थांबतो, यील्ड करतो, पुढे चालू लागतो. रिटर्नवाला बारा ओळींत बसला: अंबरनाथला उभा राहा, डाऊन पकड, बदलापूरला सीट सोडू नकोस, सीएसएमटीला उतर. एकही फ्लॅग नाही. उल्हासनगरला चढणाऱ्याला मात्र प्रोग्राममध्येही सीट मिळत नाही.