खोके, पंखा आणि एक गुणाकार

विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले, की अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत थिनरचा वास भरून राहतो. पृथ्वीगोल, ज्वालामुखी, धरणाची प्रतिकृती, सारे काही फवाऱ्याच्या डब्याने रंगवायची आता रीत पडली आहे. मग कोणीतरी छंदाच्या पुस्तकातून ‘घरगुती स्प्रे बूथ’ची कृती आणतो. मोठे खोके घ्या, मागच्या बाजूस भोक पाडून संगणकातला पंखा बसवा, पुढे गाळणी लावा, मागे लवचीक नळी जोडून ती खिडकीबाहेर सोडा. अशा कृती मी बऱ्याच वाचल्या आहेत आणि एक स्वतः बांधूनही पाहिली आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार अशी, की त्या सुतारकाम नीट शिकवतात आणि हवेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

आधी त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. वस्तू फिरत्या पाटावर ठेवणे, दिवा खोक्याच्या बाहेर ठेवून काचेतून उजेड आत सोडणे, गाळणी सहज बदलता येईल अशी बसवणे, हे सल्ले उत्तम आहेत. बूथ म्हणजे नुसता आडोसा नव्हे, रंगाचे तुषार माणसापासून दूर वाहून नेणारी ती हवेची वाट आहे, ही मूळ कल्पनाही बरोबर आहे. प्रश्न येतो तो पंखा निवडताना. ‘चांगला जोरदार पंखा घ्यावा’ असे लिहिलेले असते. जोरदार म्हणजे किती?

हे ठरवायला आठवीचे गणित पुरते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत, साध्या फवारणीच्या बूथच्या उघड्या तोंडाशी हवेचा सरासरी वेग मिनिटाला निदान १०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा असे म्हटले आहे. आपल्या खोक्याचे तोंड ६० सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच धरू. क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर. त्याला ०.५ ने गुणले, की सेकंदाला ०.१३५ घनमीटर, म्हणजे तासाला ४८६ घनमीटर हवा खेचावी लागेल. संगणकातला १२० मि.मी.चा साधा पंखा तासाला १००-१२० घनमीटर हवा देतो. तोही पुढेमागे काही अडथळा नसताना. म्हणजे कृतीतला पंखा चौपटीने कमी पडतो, आणि हे गाळणी व नळी जोडण्यापूर्वीच!

नळी जोडली की खरी गंमत सुरू होते. कृतींमध्ये बहुधा १० सें.मी. व्यासाची नळी सुचवलेली असते, कारण ती वळवायला सोपी. तिच्यातून सेकंदाला ०.१३५ घनमीटर हवा न्यायची, तर नळीत वेग सुमारे १७ मीटर प्रतिसेकंद हवा. नुसता एवढा वेग देण्यासाठीच पाण्याच्या १८ मि.मी. स्तंभाइतका दाब लागतो. घर्षण आणि वळणे वेगळी. संगणकाचा पंखा जास्तीत जास्त दोन-तीन मि.मी. दाब देतो आणि तेवढा दाब असताना त्यातून हवा वाहतच नाही. पंख्याच्या खोक्यावर कमाल प्रवाह व कमाल दाब शेजारी शेजारी छापलेले असतात, पण ते दोन्ही एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. हे मात्र कोणी सांगत नाही. नळीचा व्यास दुप्पट, म्हणजे २० सें.मी. केला, तर वेग चौथा हिस्सा आणि वेगासाठी लागणारा दाब सोळावा हिस्सा होतो. सुमारे एक मि.मी. सांगण्याजोगी गोष्ट हीच होती. नळी लांब किंवा वळणावळणाची असेल तर पात्यांचा साधा पंखा सोडून ब्लोअरकडे वळावे लागते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. काही कृती म्हणतात, गाळणी जाड लावली तर नळीची गरज नाही, हवा खोलीतच सोडावी. गाळणी अडवते ते रंगाचे तुषार. द्रावकाची बाष्पे तिच्यातून चहातल्या साखरेप्रमाणे निघून जातात. समजा एका मिनिटाच्या फवारणीत २० ग्रॅम टोल्युइन उडाले (थिनर हे मिश्रण असते, हिशेबासाठी एकच द्रावक धरू). ३० अंश सेल्सिअसला त्याचे सुमारे ५.४ लिटर बाष्प होते. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत ते पसरले, तर प्रमाण दशलक्षात २०० भाग. आपल्या जुन्या कारखाना कायद्यात टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० भाग होती. एका मिनिटाची आठ तासांशी थेट तुलना करता येत नाही हे खरे. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एकच मिनिट फवारणारी शाळा मी तरी पाहिलेली नाही.

हेच बाष्प पंखा बंद असलेल्या खोक्यात साठले तर? खोके ५० सें.मी. खोल असेल, तर आत १३५ लिटर हवा. प्रमाण होईल चार टक्के. हवेतले टोल्युइन साधारण १.१ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर ठिणगीने पेट घेते. प्रत्यक्षात काही बाष्प तोंडातून निसटते, सगळे द्रावक लगेच उडत नाही, म्हणून चार टक्के भरतीलच असे नाही. पण ते हवेच्या तिपटीहून जड असल्याने तळाशी साचते. उलट पंखा पुरेसा असेल, तर खोक्यातली हवा दर सेकंदाला पूर्ण बदलते आणि प्रमाण पेट घेण्याच्या मर्यादेच्या सोळाव्या हिश्शापर्यंत उतरते. म्हणून पंखा फवारणीपूर्वी सुरू करायचा आणि वस्तू वाळेपर्यंत बंद करायचा नाही. बटण खोक्यापासून दूर ठेवायचे. ब्रश असलेली, ठिणग्या उडवणारी मोटार हवेच्या वाटेत मुळीच नको. विद्यार्थ्यांसाठी तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरावेत. गाड्यांसाठी मिळणारे, हार्डनर घालायचे दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग अशा खोक्यात कोणीही फवारू नयेत. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो.

माझे स्वतःचे खोके पहिल्या वर्षी फसले. पंखा गुरगुरत होता, नळी खिडकीबाहेर होती, तरी संध्याकाळी समोरच्या कपाटावर निळी भुकटी सापडली. मग रंग खोलीबाहेर ठेवून, खोके कोरडे असताना, तोंडापाशी उदबत्ती फिरवली. मधोमध धूर आत जाई, कडांना मात्र तो आळसावून बाहेर वळे. खोलीचे दार किलकिले केल्यावर थोडा फरक पडला, कारण बाहेर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला दुसरी हवा कुठून तरी यायलाच हवी. मग स्वयंपाकघरात लावतात तसला नऊ इंची एक्झॉस्ट पंखा आणला, नळी काढून खोके थेट खिडकीला टेकवले. तरीही कडांचा धूर पूर्ण वळेना, तेव्हा दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून तोंडाची रुंदी ६० वरून ४० सें.मी. केली. धूर सगळीकडून आत जाऊ लागला. मोठा पृथ्वीगोल मात्र त्यात मावेना. तो मुलांनी ब्रशने रंगवला.