‘हिस्पॅनिक’ आणि ‘लॅटिनो’ : दोन शब्द, एक रकाना

शब्दांचा काटेकोर अर्थ घेतला, तर ‘दोन किहोते’ लिहिणारा सर्व्हान्टिस हिस्पॅनिक ठरतो, लॅटिनो नाही. ब्राझीलचा माशादो द आसिस लॅटिनो ठरतो, हिस्पॅनिक नाही. कोलंबियाचा गार्सिया मार्केस दोन्ही. आपल्या परीक्षणांत आणि अनुवादांच्या मलपृष्ठांवर मात्र हे शब्द, आणि जोडीला ‘स्पॅनिश’ही, एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले मला आढळतात. या सवयीने नेमके काय हरवते, ते अमेरिकेतल्या जनगणनेच्या रकान्यात चांगले दिसते.

रोमन लोक आयबेरियन द्वीपकल्पाला ‘हिस्पानिया’ म्हणत. ‘हिस्पॅनिक’ त्यावरून आला. त्याचा धागा स्पॅनिश भाषेशी आणि स्पेनच्या वारशाशी आहे. ‘लॅटिनो’ हा ‘लॅटिनोअमेरिकानो’चा संक्षेप, त्याचा धागा भूमीशी आहे. पहिल्यात स्पेन येतो आणि पोर्तुगीज बोलणारा ब्राझील वगळला जातो; दुसऱ्यात नेमके उलट. ‘लॅटिन अमेरिका’ हे नावही तसे अलीकडचे. चिलीच्या फ्रान्सिस्को बिल्बाओने ते १८५६ मध्ये पॅरिसला वापरले, उत्तरेकडच्या बलाढ्य शेजाऱ्याविरुद्ध एकजूट व्हावी म्हणून. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सने मेक्सिकोवरच्या स्वारीसाठी याच ‘लॅटिन’ नात्याचा आधार घेतला.

अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश मानला होता. विरोध झाल्यावर १९४० मध्ये तो वगळला गेला. १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. १९७७ च्या सरकारी निर्देशात ‘हिस्पॅनिक’ हा शब्द आला आणि १९९७ च्या सुधारणेत तो ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ झाला. माझा आक्षेप या ‘किंवा’वर आहे. नाव दोघांचे लागले, पण व्याख्या ‘स्पॅनिश संस्कृती किंवा मूळ’ हीच राहिली. पाटी बदलली, दार तेवढेच राहिले.

त्याचा पुरावा २०२० च्या पाहणीत मिळाला. एखाद्या ब्राझिली माणसाने या रकान्यात खूण केली, तर एरवी जनगणना खाते व्याख्येनुसार त्याला बाहेर काढते. त्या वर्षी प्रक्रियेतल्या चुकीमुळे ही चाळणी लागली नाही, आणि किमान ४ लाख १६ हजार ब्राझिली, म्हणजे तिथल्या ब्राझिलींपैकी दोन तृतीयांशाहून अधिक, आत मोजले गेले. २०१९ मध्ये हा आकडा सुमारे १४ हजार होता, २०२१ मध्ये १६ हजार. या लोकांनी ‘लॅटिनो’ हा शब्द वाचला आणि त्याच्या अर्थाप्रमाणे खरे उत्तर दिले. खात्याच्या लेखी मात्र ते उत्तर चुकीचे होते.

‘हिस्पॅनिक’ हा सरकारी, वसाहतवादी शब्द आणि ‘लॅटिनो’ हा लोकांचा, अशी मांडणी नेहमी होते. मला ती अर्धवट वाटते. प्यू संशोधन केंद्राच्या २०१२ च्या अहवालात ५१ टक्के लोकांनी आपली ओळख प्रामुख्याने मूळ देशाच्या नावाने सांगितली. दोन शब्दांतला एक निवडायला सांगितल्यावर ३३ टक्क्यांनी ‘हिस्पॅनिक’ आणि १४ टक्क्यांनी ‘लॅटिनो’ पसंत केला. उरलेल्या बहुतेकांना फरक पडत नव्हता. शिवाय दोन्ही शब्दांची मुळे रोमकडेच जातात. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू (शांततेचे नोबेल, १९९२) यांची मातृभाषा किचे माया आहे. तिचा मागमूस दोन्ही शब्दांत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जनगणनेला रकाने लागतात, समीक्षेला लागत नाहीत. लिस्पेक्टरविषयी लिहिताना ‘ब्राझीलची, पोर्तुगीजमध्ये लिहिणारी’ आणि मार्केसविषयी ‘कोलंबियाचा, स्पॅनिशमध्ये लिहिणारा’ असे लिहायला दोन शब्द जास्त लागतील. ते खर्च करावेत.