लिहिलेले परत मिळते का?

भारतीय कॉपीराइट कायद्यात एक बारीकशी तरतूद आहे. साहित्याच्या अभ्यासकांचे तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १९५७ च्या या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ‘साहित्यकृती’ या शब्दाच्या व्याख्येत संगणकाचे प्रोग्रॅम समाविष्ट करण्यात आले. कायद्यापुरते बोलायचे तर कादंबरी आणि ती जुळवणारे सॉफ्टवेअर एकाच पंगतीला बसतात. असे असताना कादंबरीवर आपण परीक्षणे, परिसंवाद आणि प्रतिवाद लिहितो, पण ज्या सॉफ्टवेअरमधून गेल्या पस्तीस वर्षांचे बहुतेक मराठी साहित्य बाहेर पडले, त्याच्या गुणदोषांची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकांतून जवळजवळ झालीच नाही. ते काम आपण छापखान्यावर सोडले आणि छापखान्याने विक्रेत्यावर.

सॉफ्टवेअरला वाङ्मयीन निकष लावायचा तर कोणता लावावा? अक्षराचे सौंदर्य हा एक निकष आहेच. पण तो पहिला नव्हे. लेखनाच्या साधनाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या साधनाच्या हवाली केलेले लेखन, साधन बदलल्यावर, लिहिणाऱ्याला परत मिळते का? बोरू, शाईचे पेन, खिळ्यांची जुळणी, टंकयंत्र या सर्वांचे उत्तर ‘हो’ असे होते. टंकयंत्र मोडले म्हणून आधी टंकित केलेले पान कोरे होत नसे. १९९० नंतरच्या मराठी अक्षरजुळणीला मात्र हे उत्तर छातीठोकपणे देता येत नाही, आणि माझ्या मते हाच तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

हे कसे घडले ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ‘क’ साठी कोणता आकडा, ‘ख’ साठी कोणता, हे कुणीतरी ठरवावे लागते. भारतीय लिपींसाठी तसा करार झाला होता. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र त्याच्या मागे होते. या प्रमाणातली कल्पना आपल्यासारख्या दुभाषी भागातल्या माणसाला विशेष भावावी अशी आहे. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच आकडा. लिपी हा नुसता पोशाख. आतले अक्षर तेच. सोबतच्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावरही दोन्ही लिपींचा ‘क’ एकाच कळीवर. शाळेत कन्नड टंकलेखन शिकलेल्या बेळगावच्या मुलाची बोटे मराठीसाठी त्याच वेळी तयार होतात; फक्त त्याला तसे कुणी सांगितलेले नसते!

परंतु प्रकाशनाचा बाजार या वाटेने गेला नाही. त्या काळच्या विंडोजला आणि पेजमेकरला जोडाक्षरे घडवता येत नव्हती. तेव्हा व्यवहारी तोडगा निघाला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: इथे काना, तिथे अर्धा ‘स’, पलीकडे रफार. पडद्यावर मराठी दिसते, कागदावर मराठी उमटते, पण फाइलीत इंग्रजीच असते. ‘कृतिदेव’ या टंकात ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठवली जातात. टंक काढून घ्या, की मराठी नाहीशी होते आणि उरतो तो ‘ईजेकेबीएच’. यात आणखी गोम अशी, की प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी. एकीची फाइल दुसरीच्या टंकात उघडली तर कवितेची बाराखडी होते. खुद्द सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्येही टंकांसाठी ‘इस्फॉक’ नावाचे निराळे संकेत होते. म्हणजे ज्या घरात प्रमाण जन्मले त्याच घरात त्याला वळसा घालावा लागला. त्यावर कडी म्हणजे कुलूप. संगणकाच्या पाठीमागे खोचायचा ‘डोंगल’ नसेल, तर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअरही चालत नसे.

या कंपन्यांना खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. परदेशी कंपन्यांना मराठी ही बाजारपेठच वाटत नव्हती, त्या दिवसांत इथल्या मोजक्या मंडळींनी ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ यांसारखी साधने उभी केली. हाताने खिळे जुळवणारे कामगार कमी होत असताना या साधनांनी आपले दिवाळी अंक तगवले. चोरून केलेल्या प्रती सर्रास फिरत होत्या. कुलूप लावले नसते तर त्यांचा धंदा बसला असता. सायबरस्केप या ‘आकृती’च्या कंपनीने तर पुढे नऊ भारतीय लिपींचे टंक मुक्त परवान्याखाली खुले केले, याची नोंद कृतज्ञतेनेच घेतली पाहिजे. मालकी सॉफ्टवेअरवर असायला हरकत नव्हती. चुकले ते असे, की सॉफ्टवेअरच्या मालकीबरोबर अक्षरांच्या आकड्यांचीही मालकी नकळत कंपनीकडे गेली. कुलपाची किल्ली कंपनीची असेलही. पण कपाटातले कागद लेखकाचे होते.

मोठ्या देशांत याच सुमारास जे खटले झाले, त्यांच्या प्रकाशात हे अधिक स्पष्ट दिसते. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा दावा लावला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा ठपका कायम ठेवला. त्या वेळी आपल्या वृत्तपत्रांनी तुकड्यांचीच चर्चा केली. माझ्या दृष्टीने अधिक बोलका निर्णय युरोपीय आयोगाचा आहे. मार्च २००४ मध्ये आयोगाने त्याच कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि वर असेही बजावले, की तुमचे संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिची माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्या. दंड भरून प्रश्न मिटतो; माहिती खुली झाली की बाजार बदलतो. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही निर्देश वगळून तो कायम केला. या साऱ्यात सामान्य वाचकाच्या लक्षात राहतो तो आकडा. पण खरा प्रश्न गिऱ्हाइकाला दार उघडून दुसरीकडे जाता येते का, हाच असतो. मराठी टंकांच्या बाबतीत ते दार बंद होते आणि त्याबद्दल कुणी दाद मागितली नाही.

मागता आली असती का? याचे उत्तर बहुतेक वाचकांना नवे वाटेल. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने एक उपकलम आले. ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीर मार्गाने आला आहे, त्याने स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती आवश्यक माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, शोधून काढली, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. म्हणजे एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात आणणारे रूपांतरक ज्या हौशी तरुणांनी रात्री जागून तयार केले, ते चोरवाटेने चालले होते असे समजण्याचे कारण नाही. कायद्याने दिलेला हक्क आपल्याला ठाऊकच नव्हता.

आपल्या शेजारघरी हा प्रश्न साहित्यिकांनी उचलला होता. कन्नडमध्ये १९९८ साली ‘बरह’ आले. पुढे कन्नड गणक परिषदेच्या ‘नुडी’ला सरकारचे पाठबळ मिळाले. बरह म्हणजे लेखन आणि नुडी म्हणजे बोल, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. सरकारने एकाच सॉफ्टवेअरच्या पाठीशी उभे राहावे, की खुले प्रमाण ठरवून सर्वांना स्पर्धा करू द्यावी, यावर तिथे जाहीर वाद झाला. आणि त्यात पूर्णचंद्र तेजस्वींसारखा पहिल्या प्रतीचा कादंबरीकार उतरला. हंपीच्या कन्नड विद्यापीठाच्या ‘कुवेंपु’ सॉफ्टवेअरमागे त्यांचा आग्रह होता. भाषेचा कारखाना कुणाच्या हाती, हा प्रश्न लेखकाचाच आहे असे त्यांना वाटले. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपण पाट्यांच्या लिपीवरून कितीतरी भांडलो. परंतु पाटी ज्या आकड्यांनी लिहिली जाते, ते आकडे कुणाचे याबद्दल मराठी बाजूने एवढ्या उंचीचा लेखक बोलल्याचे आठवत नाही.

अपवाद एका कवीचा. पण तो वादाने नव्हे, कामाने बोलला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांची ओळख आपण सुलेखनकार आणि दृश्यकवितेचे कवी अशी करून देतो. ती अपुरी आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करून ते राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. आणि कन्नडसाठीच्या ‘तुंगा’ या टंकावरही टाइप डायरेक्टर म्हणून त्यांचे नाव आहे. आमच्या तालुक्याच्या कचेरीत कुणी कन्नड अर्ज टंकित करतो तेव्हा तो एका मराठी कवीच्या हाताखालून गेलेले अक्षर वापरत असण्याची शक्यता असते. भाषिक सलोख्यावर इतके भाषणाविना भाष्य दुसरे कोणते असेल?

हे टंक शक्य झाले ते युनिकोडमुळे. ऑक्टोबर १९९१ मध्ये निघालेल्या या जागतिक प्रमाणात प्रत्येक लिपीला स्वतंत्र आकडे मिळाले, आणि भारतीय लिपींची मांडणी इस्कीवरून घेतली गेली. देवनागरी ‘क’चा आकडा २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१; अंतर ८९६. हेच अंतर ‘ग’ला, ‘म’ला आणि ‘ळ’लाही. एकाच फाइलीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी सुखाने नांदू शकतात. आपल्या जगण्याला साजेसे असे हे पहिलेच साधन.

त्याहून मौजेची गोष्ट ‘ऱ’ ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी माणूस जपतो. दुसऱ्या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये ज्या नुक्ता दिलेल्या ‘ऱ’ ने घडतो, तो त्या तक्त्यात आला द्राविडी भाषांतला कठोर ‘र’ नागरीत लिहिण्यासाठी. कन्नडच्या तक्त्यात बरोबर ८९६ घरे पुढे गेलात तर जुन्या कन्नडमधला, आज वापरातून गेलेला तोच ‘ऱ’ बसलेला दिसतो. आपण मराठीचे खास लेणे म्हणून मिरवतो ते अक्षर संगणकात शेजाऱ्याच्या घरातून आलेले आहे.

तरीही युनिकोडची आरती ओवाळून थांबणे हे समीक्षकाचे काम नव्हे. हे प्रमाण ठरवणारी संस्था अमेरिकेत आहे आणि तिथे मताचा अधिकार वर्गणी भरणाऱ्या सभासदांना असतो; ते मुख्यतः बड्या कंपन्या आहेत. मराठीतल्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र आकडा मिळायला २००८ उजाडले. प्रमाण खुले असले तरी मेजाभोवतीच्या खुर्च्या मोजक्याच आहेत. भारत सरकार या संस्थेचे सभासद राहिलेले असले, तरी आपल्या साहित्य संस्थांपैकी कितींनी तिथे एखादे टिपण पाठवले? आणि एक नवे कुलूप तयार होतेच आहे. आज आपण फोनवर बोलून लिहितो. आवाजाचे अक्षर होते ते बहुधा दूरच्या कंपनीच्या यंत्रावर. अक्षरांचे आकडे मोकळे झाले; पण आपला उच्चार, आपल्या भागातला कन्नड हेलाचा मराठी बोल ज्या साठ्यात जमा होतो, तो कुणाचा? निकष तोच लावायचा: दिलेले परत मिळते का?

सीमाभागात याला वेगळे वजन आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाचा मजकूर एका ठिकाणी हरवला तर दहा ठिकाणी सापडतो. आपल्या छोट्या नियतकालिकांचे तसे नाही. १९९० नंतरचे आपले अंक, स्मरणिका, नाट्यस्पर्धांच्या संहिता, ग्रंथालयांचे अहवाल बंद पडलेल्या टंकांच्या फाइलींत अडकले आहेत. पुढे या भागातल्या मराठीचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर आपल्या आजोबांच्या मोडी दप्तरांपेक्षा आपलीच वीस-तीस वर्षांपूर्वीची पाने त्याला अधिक दुर्बोध वाटतील. मोडी शिकता येते; किल्ली हरवलेली फाइल शिकून वाचता येत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. संपादकांनी छापखान्याला अंकाच्या प्रतींबरोबर संपूर्ण मजकुराची युनिकोड प्रत मागावी आणि तसे करारात लिहून घ्यावे. ग्रंथालयांनी जुन्या फाइली, त्यांचे टंक आणि रूपांतरक एकत्र जपावेत. ज्यांच्याकडे अजून चालणारा जुना संगणक आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एक दिवस या कामाला द्यावा. रूपांतरानंतर मुद्रितशोधन मात्र माणसानेच करावे, कारण ‘आचाऱ्यां’चे ‘आचार्य’ करायला यंत्र नेहमीच उत्सुक असते. हा अंक हाती पडेल तेव्हा अनेक संपादकांची छापखान्याशी हिशेबाची बोलणी चालू असतील. बिल चुकते करताना ही एक मागणी पुढे ठेवायला हरकत नाही.