न गाणाऱ्या मुलाचे घर

क्रिस्तोफ बारातिए यांचा ‘ले कोरिस्त’ (२००४) हा फ्रेंच चित्रपट पाहून, गाण्याने बिघडलेली मुले सुधारतात, एवढाच बोध बहुतेक प्रेक्षक घेतात. आम्हांस त्याचे मोल निराळ्या ठिकाणी जाणवले.

काळ १९४९ चा. एका कठोर सुधारगृहात मातिय नावाचे शिक्षक येतात आणि उनाड मुलांचा गायकवृंद उभारतात. त्यांतील मोरांज आपल्या असामान्य गळ्याच्या बळावर पुढे नामवंत वाद्यवृंद-संचालक होतो. मोंदें या दांडगट मुलाचा आवाजही चांगला आहे. पण न केलेल्या चोरीपायी तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. सूर असूनही तो हरवतो. उलट अनाथ पेपिनोला गाताच येत नाही. मातिय त्याला आपला साहाय्यक नेमतात, आणि दर शनिवारी फाटकाशी बापाची वाट पाहणाऱ्या त्या पोराला अखेरीस आपल्यासवे घेऊन जातात.

मोंदेंच्या वाट्याला दिग्दर्शकांनी केवळ सूडाची आग ठेवली, ही या कृतीची उणीव होय. तथापि सुरांनी दार उघडते, घर मात्र माणूसच देतो, हे सत्य पेपिनोच्या रूपाने ती ठसवते. गायकवृंदासाठी मुलांचे केवळ गळे पारखणाऱ्या आपणां सर्वांना ते विचारात पाडील.